चार ते बारा

नरकात दिवाळी असते का,
हे मी दस्तगीर नदाफला विचारलं होतं
दोन नंबरच्या बॉयलरसमोर,
बगॅसचा भुसा दोघांच्या भुवयांवर.
तो म्हणाला, कढई तर बाराही महिने चढलेली,
तेलाचा खर्च नाही.
चकल्या सोडायच्या तेवढ्या.

दसऱ्याला अग्निप्रदीपन. चेअरमन नारळ फोडतात,
आणि तिथून पुढं सण आमच्या अंगावरून जातात
उसाच्या ट्रॉल्या जातात तसे,
मागं पाचट सांडत.
एकतीस हंगाम.
बोरगाव चार किलोमीटर, कृष्णेच्या कडंला.
राखेच्या ढिगावर चढलं की फटाके दिसायचे,
ऐकू यायचे नाहीत.

आई म्हणायची, चौदसला सूर्य उगवायच्या आत
जो न्हात नाही तो नरकात जातो.
माझी पाळी पहाटे चार ते बारा.
म्हणजे तीस वेळा माझं नाव
तिथल्या मस्टरवर चढलेलं.

दस्तगीरचं वेगळं.
त्यांच्यात रमझानला दोजखची दारं बंद करतात.
आम्ही हिशेब मांडला : महिनाभर बंद
म्हणजे ऑफ-सीझन.
ट्यूबा घासायच्या, भट्टीच्या विटा बदलायच्या,
हंगामी लोक अर्ध्या पगारावर घरी.
लई हसलो.
पण भट्टीसमोर रोजा झेपत नाही ही त्याची बोच होती,
पाणी पिताना माझ्याकडं पाठ करायचा.
गेला तो अकराव्या रोज्याला.
मी मातीला उभा होतो. मनात म्हटलं,
सुटलास गड्या,
गेटच बंद आहे.

भाऊबीजेला यम बहिणीकडं जेवायला जातो म्हणतात.
म्हणजे एक दिवस साहेब जागेवर नाहीत.
साहेब नसले की काय होतं, मला ठाऊक आहे.
कोणीतरी चहा टाकतं,
कोणीतरी पत्ते काढतं,
फावड्याच्या पात्यावर कोणी कांदा भाजतं.
तसं असेल तर बरं.

आणि तेरसला आक्काताई कणकेचा दिवा करते,
वात दक्षिणेला. उंबऱ्याबाहेर ठेवते
आणि मागं न बघता आत येते.
इकडून बघितलं तर एक दिवा, वाऱ्याला भ्यालेला.
पण तिकडून
गावंच्या गावं दिसत असतील,
बोरगाव, वाळवा, पार औदुंबरपर्यंत,
सगळ्या वाती आपल्याकडं तोंड करून.
कळत असेल तिथल्यांना,
आज तेरस. उद्या चौदस.

हे मी का विचारतो तेही सांगतो.
एकतीस हंगामांत एकदाच चौदसला घरी होतो.
रजा नव्हे, पाळी बदलली.
म्हादू खिलारे म्हणाला, जा तू,
पोरगी पहिल्या दिवाळसणाला आलीय.
माझं काय, मी एकटा जीव.
उटणं लावलं. पहिलं पाणी घेतलं.
तुळशीपुढं कारीट ठेवून डाव्या अंगठ्यानं चिरडलं,
कडू बी जिभेला लावलं,
आणि तेवढ्यात आवाज झाला.
जावई म्हणाला, मोठा बॉम्ब दिसतोय कुणाचातरी.
मी ओल्या अंगानं उभा राहिलो.
सुतळी बॉम्बच्या मागं
शीळ वाजत नाही इतका वेळ.

वाफेचं रिपोर्टात एका ओळीत आलं.
म्हादू न्हाला नव्हता.
म्हणजे आईच्या नियमानं

रिटायर होऊन सहा वर्षं झाली.
चौदसला चारला जाग येतेच, भोंगा असो नसो.
आक्काताई बंब पेटवते, तेल कोमट करते,
तीनदा हाक मारते.
मी ओट्यावर बसून राहतो
चिमणीच्या मागून
अख्खा गोळा वर येईपर्यंत.
नरकात जाल अशानं, ती म्हणते,
पाणी गार व्हाय लागलंय.
होऊ दे, मी म्हणतो.